आपणांस कळू नये म्हणून कळवण्यात येते

लोक माझ्याबद्दल काहीतरी बोलतात, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, ते सगळे हळू बोलायला लागले तेव्हा. आधी बायको, मग ऑफिसातले साहेब, मग जिन्यात भेटणारे शेजारी. समोरून तोंडं हलताना दिसायची आणि मी जवळ गेलो की माझ्या वाट्याला नुसती कुजबुज. आता मी काही संशयी माणूस नाही. दाराला दोन कुलपं लावतो, कोणी विनाकारण तब्येत विचारली तर त्याला नेमकं काय हवंय ते आधी शोधून काढतो, आणि शेजाऱ्याने दिलेलं वर्तमानपत्र परत करताना आत आपला काही कागद राहिला नाही ना हे दोनदा बघतो. याला सावधपणा म्हणतात. बायको याला दुसरंच काही म्हणते, पण तेही हळूच.

बायकोचं एकवेळ ठीक आहे. साहेबांचं तसं नव्हतं. मी एका सरकारी खात्यात लघुलेखक आहे. म्हणजे साहेब बोलतात, मी ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतो आणि टाइप करून आणतो. वाक्याच्या मध्ये साहेबांना खोकला आला तर तो कुठल्या शब्दानंतर आला हेसुद्धा मी सांगू शकतो, अशी माझी ख्याती. आणि तेच साहेब अलीकडे मिशीतल्या मिशीत बोलायला लागले होते. मला वाटलं, माझ्या जागी कोणीतरी आणायचं ठरतंय आणि माणसाला अपराधी वाटलं की तो आवाज खाली घेतो. मी कधीही 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही. लघुलेखकाने हे विचारणं म्हणजे स्वयंपाक्याने चूल कुठे आहे म्हणून विचारणं. जे ऐकू यायचं नाही ते मी अनुभवाच्या जोरावर भरून काढायचो.

अशात माझं घड्याळ बंद पडलं. किल्लीचं जुनं घड्याळ, रोज सकाळी कानाशी धरून बघायची सवय. त्या दिवशी उजव्या हाताने धरलं होतं, टिकटिक नाही. घड्याळजीकडे नेलं. त्याने ते स्वतःच्या कानाला लावलं, माझ्याकडे बघितलं, मग उठून माझ्या डाव्या कानाला लावलं. टिकटिक. मग उजव्या कानाला. सामसूम. त्याने घड्याळ पुसून परत दिलं आणि एक पैसा घेतला नाही. हे मला फार खटकलं. दुकानदार पैसे घेत नाही म्हणजे त्याने दुसरं काहीतरी घेतलेलं असतं, आणि इथे त्याने काय घेतलं होतं ते उघड होतं. माझ्या घरच्यांना, माझ्या साहेबांना जे माहीत नव्हतं, ते आता त्या गल्लीतल्या घड्याळजीला माहीत होतं.

मी घाबरलो, हे सरळच सांगतो. आमच्या खात्यात लघुलेखकाचे कान शाबूत असले पाहिजेत असा नियम आहे. नसले तर त्याची रवानगी तळघरातल्या आवक-जावक विभागात होते, पाकिटं चिकटवायला. माझ्या आधीच्या लघुलेखकाचा हात थरथरायला लागला म्हणून त्याला तिथे पाठवलं. तो अजून तिथेच आहे. भेटला की हसतो, वजनही वाढलंय, पण माणूस हसतोय म्हणून काय झालं? साहेबांच्या खोलीतली खुर्ची ती खुर्ची. निवृत्तीपर्यंत ती कशीही टिकवायची आणि हे कोणालाही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचा सरकारी दवाखाना निवडला. घरी सांगितलं ऑफिसचं काम, ऑफिसात सांगितलं घरचं काम. राखाडी टोपी कपाळापर्यंत ओढली आणि बंद गळ्याचा स्वेटर घातला. दवाखान्याच्या दारातच नवाकोरा फलक होता: 'रुग्णाची माहिती ही रुग्णाची मालमत्ता आहे.' वाचून बरं वाटलं. शिपायाला विचारलं तेव्हा कळलं की वरून आदेश आलाय, आता रुग्णाचं नाव पुकारायचं नाही. मी म्हटलं उत्तम, मग नंबर देत असाल. तर नंबरही बंद. नंबरावरून माणूस शोधता येतो अशी कोणीतरी तक्रार केल्यामुळे नंबर हीसुद्धा खासगी माहिती ठरली होती. मग बोलावता कसे, असं विचारणार तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी लाउडस्पीकरवरून बोलावलंच. "निळी छत्री, मूळव्याध, खोली दोन."

छत्रीवाल्याने छत्री घाईघाईने बाकाखाली सरकवली. त्यामुळे ज्यांनी छत्री पाहिली नव्हती तेही वाकून बघायला लागले. बाईंचा दोष नव्हता. नाव नाही, नंबर नाही, तर त्या बिचाऱ्या दिसेल तेच सांगणार. उलट त्या फार बारकाईने काम करत होत्या. एका गृहस्थांच्या शर्टाची दोन बटणं चुकीच्या काजात गेली होती, तेही त्यांनी सगळ्या दवाखान्याला सांगितलं.

मी काउंटरवर केसपेपर काढला, शहाणपणाने कोपऱ्यातली जागा धरली आणि ओळखीचं कोणी येतंय का म्हणून दाराकडे तोंड करून बसलो. इथेच घोटाळा झाला. दाराकडे तोंड म्हणजे लाउडस्पीकरकडे उजवा कान. बराच वेळ झाला, मला कोणी बोलावेना. एव्हाना हॉलमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी टोपी आणखी खाली ओढली तर काहीजण हसले. शेवटी कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून बघतो तर आमच्या वरच्या मजल्यावरचे कलमकाका. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, दुधात पाणी सापडलं तरी कुठलं कलम लागतं ते सांगणारे. शहराच्या या टोकाला त्यांचं काय काम, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ते म्हणाले गुडघा, पण चालत तर चांगले होते.

बाईंनी काय काय पुकारलं ते कलमकाकांनी मला जसंच्या तसं ऐकवलं, डाव्या बाजूने. आधी राखाडी टोपी, बंद स्वेटर, कान विभाग. मी उठलो नाही म्हणून, मिशीवाले, दाराकडे बघणारे. तरी उठलो नाही म्हणून, चोरासारखे बसलेत ते. आणि अखेरीस बाईंनी हॉललाच विनंती केली होती की त्या राखाडी टोपीवाल्यांना एका कानाने ऐकू येत नाहीसं दिसतंय, जवळच्यांनी कृपया हलवावं.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की उजव्या कानाची नस अधू झाली आहे, ती पुन्हा सुधारायची नाही, कानात यंत्र घालावं, बाकी प्रकृती ठणठणीत. मला त्यातलं काहीही महत्त्वाचं वाटत नव्हतं. कलमकाका बाहेर बसले होते, ते महत्त्वाचं होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला गप्प बसूच दिलं नाही. हा तुमच्या हक्कावर घाला आहे, दवाखान्यात माहिती संरक्षण कक्ष आहे, तक्रार करा, एकदा तक्रार नोंदली की ही माहिती कायद्याने गुप्त होते. मी म्हटलं, झालं ते झालं. ते म्हणाले, मग पसरू द्या. आणि असं बघितलं, की पसरवणारं कोण असेल याबद्दल मला शंकाच उरली नाही. तक्रार करणं भाग पडलं.

माहिती संरक्षण कक्ष म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बोळात काचेची एक खिडकी. मागे लांब रांग. काच इतकी जाड की आतल्या कारकुनाला माझं काही ऐकू जाईना. तो कानामागे हात धरून खुणा करत होता, मोठ्याने बोला म्हणून. मी आवाज चढवला. तो आणखी वाकला. शेवटी मी ओरडून सांगितलं की मला उजव्या कानाने ऐकू येत नाही ही गोष्ट गुप्त राहायला हवी. रांगेतल्या एका बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. मागचा माणूस म्हणाला, त्याच्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं, कोमट तेल घालून बघा.

मिळालेल्या अर्जात एक रकाना होता: 'ही माहिती कोणाकोणाला कळू नये असे आपणांस वाटते? नाव, पत्ता व नाते लिहावे.' हा रकाना पाहून मला सरकारबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. कोणीतरी विचार करून केलेलं काम होतं. कलमकाकांचा सल्ला असा की हात आखडता घेऊ नका, जो लिहिला नाही त्याच्यापासून संरक्षण नाही. मी घरी दार लावून बसलो आणि मनापासून लिहिलं. पहिलं नाव बायकोचं, कारण तिच्याकडून मेहुण्याला कळायला वेळ लागत नाही. दुसरं मेहुण्याचं. मग साहेब, मग घड्याळजी, मग इमारतीतले झाडून सगळे. जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली. अर्ज पाकिटात घालायच्या आधी कलमकाकांच्या नकळत त्यांचंही नाव घातलं.

यथावकाश सुनावणीला बोलावलं. गोपनीयता अधिकारी हा माणूस पाहताक्षणी आवडला. खात्रीने सांगतो, त्या सबंध इमारतीत गोपनीयतेची चाड असलेला तो एकच. त्याने शिपायाला बाहेर काढलं, दार लावलं, खिडक्या लावल्या, आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पंखा भरधाव सोडला, आणि मग टेबलावरून पुढे वाकून बोलायला लागला. कुजबुजत.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी येत होती. त्याचा चेहरा अत्यंत प्रामाणिक होता. मध्येच तो थांबायचा आणि भुवया उंचावून बघायचा, म्हणजे प्रश्न असणार. आता या माणसाला 'पुन्हा सांगा' म्हणायचं? इतक्या वर्षांच्या नोकरीत जे साहेबांना म्हटलं नाही, ते इथे म्हणायचं? मी गंभीरपणे मान डोलावली. त्याने लिहिलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. एकदा त्याने माझ्या पुरवणीवर बोट ठेवून खालपर्यंत नेलं आणि अगदी खोदून खोदून काहीतरी विचारलं. तेव्हा तर मी दोनदा डोलावली. शेवटी त्याने दोन्ही हातांनी माझा हात दाबला. मी तरंगतच घरी आलो.

त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात रजिस्टर पोस्टाने एक नोटीस आली. साहेबांच्या नावे. साहेबांचं सगळं टपाल मीच फोडतो, म्हणून ती आधी मीच वाचली.

'आपल्या कार्यालयातील लघुलेखक यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, ही माहिती आपणांस मिळू नये अशी त्यांची इच्छा आहे. सदर माहिती आपणांस कळू नये म्हणून कळवण्यात येते. आपण ती जाणून घेण्याचा प्रयत्न केल्यास कारवाई होईल.'

अधिकाऱ्याने पुरवणीवर बोट ठेवून काय विचारलं होतं ते मला त्या क्षणी समजलं. या सर्वांना ताकीद द्यायची ना, असं विचारलं असणार, आणि मी दोनदा मान डोलावली होती. म्हणजे अशीच नोटीस घड्याळजीला, मेहुण्याला, इमारतीतल्या प्रत्येक दाराला. आणि घरी.

नोटीस दडपावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तिच्याबरोबर पोचपावती होती आणि साहेबांच्या सहीसाठी ती घेऊन पोस्टमन दारात उभा होता. मी कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि तळघरातल्या खुर्चीला गादी असते की नाही याचा विचार करत उभा राहिलो. साहेबांनी सावकाश वाचलं. मग उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आले.

"मी वर्षभर तुमच्या डाव्या बाजूला फिरत फिरत मजकूर का सांगतो, तुम्हाला काय वाटलं? व्यायाम म्हणून?" साहेब म्हणाले. "तुम्ही पदरची वाक्यं घालायला लागलात तेव्हाच कळलं मला. त्यातली दोन-तीन चांगली होती, म्हणून ठेवली."

साहेब कागदाकडे बघत म्हणाले की आपल्या खात्यात माहीत असणं वेगळं आणि कळवलेलं असणं वेगळं. माहीत असलेल्या गोष्टीवर कोणी काही करायला बांधील नसतं. पण कळवलेल्या गोष्टीवर कारवाई करावी लागते, आणि आता त्यांना रीतसर कळवलं गेलं होतं. मग त्यांनी ती नोटीस पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढून.

"पण इथे म्हटलंय की मला हे कळू नये. मला जे कळू नये त्यावर मी कारवाई केली, तर मला ते कळलं असं होईल. तो गुन्हा आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "बसा. मला काही माहीत नाही. वही घ्या. आणि ते यंत्र का काय असतं ते कानात घाला, केसांखाली दिसत नाही."

खुर्ची वाचली. आनंदाने मला रडू येणार होतं, पण मजकूर सुरू झाला होता.

घरी मात्र नोटिशीची अंमलबजावणी झाली होती. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आदेश पाळायला लागली. म्हणजे मला कमी ऐकू येतं हे माहीत नसलेली बाई जशी वागेल, तशी वागायला लागली. स्वयंपाकघरातून बोलायची. पाठमोरी बोलायची. माझ्या उजव्या बाजूने हळूच काहीतरी सांगून निघून जायची. दूध उतू गेलं, गॅसवाला परत गेला, कोणाकडे तरी जेवायला बोलावलं होतं तिथे आम्ही गेलोच नाही. दर वेळी तिचं एकच: सांगितलं होतं की.

इमारतही एकजात आज्ञाधारक निघाली. ज्या लोकांनी सरकारचा एक नियम कधी पाळला नाही, कचरा कुठे टाकायचा तोसुद्धा, ते सगळे ही नोटीस मात्र अक्षरशः पाळत होते. मी जिन्यात दिसलो की दारं बंद व्हायची. कलमकाकांनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं. पुरवणीत आपलं नाव आहे हे त्यांच्या वर्मी लागलं होतं. घड्याळजीने काचेतून दोन्ही हात जोडले. आता ते खरंच माझ्याबद्दल कुजबुजत होते, आणि मला ते सिद्ध करता येत नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी घरी आलो तर कुलूप. आत बायको नाही. तिचा फोन उशाशी पडलेला. वाट बघितली. अंधार पडायला आला. तिच्याकडून कोणी माझ्याबद्दल काही काढून घेतलं असेल, कोणी तिचे कान भरले असतील, काय काय मनात आलं. शेजारी विचारलं. शेजारीण म्हणाली, तुमच्याबद्दल आम्हाला काही माहीत असू नये असं पत्र आलंय. मी म्हटलं माझ्याबद्दल नाही हो, माझ्या बायकोबद्दल विचारतोय. ती म्हणाली, उगाच कारवाई नको.

तेवढ्यात बायको जिना चढून आली. मेहुण्याकडे गेली होती. सकाळी सांगितलं होतं म्हणे. मी डोलावली होती म्हणे मान.

आत येऊन आम्ही दोघं टेबलाशी बसलो. माझं अवसान गळालं होतं. मी म्हटलं, "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मला भीती वाटत होती, म्हणून सांगितलं नाही."

ती बराच वेळ टेबलावरचं मेणकापड पुसत होती, ते स्वच्छ होतं तरी.

"वर्षभर तुम्ही म्हणत होता मी हळू बोलते," ती म्हणाली. "मी कबूल केलं. घसा बसलाय म्हटलं. तुमच्यासमोर गोळ्या चघळल्या, कडू. तुम्हाला कळू नये म्हणून. आणि तुम्ही सरकारला नावं दिलीत तेव्हा पहिलं माझं."

मला स्वतःची अतोनात लाज वाटली. ती उठली आणि भांडी आवरता आवरता, पाठमोरी, आणखी काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. माझी मान सवयीने डोलायला निघाली होती. मी ती धरून ठेवली.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. हे शब्द मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. "पुन्हा सांग."

तिने हात पुसले. टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली.

"म्हटलं, सकाळी तुम्ही रस्ता ओलांडून कोपऱ्यावर वळेपर्यंत मी रोज खिडकीत उभी असते. उजवीकडून गाडी आली तर तुम्हाला कळायचं नाही. इथून ओरडून तरी काय उपयोग, पण उभी असते."

ती खिडकीत उभी असते हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी मागे वळून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला थांबलो, उजवीकडे नीट बघितलं, आणि मग वर बघितलं. ती होती. दोन्ही हात हलवून जोरजोरात काहीतरी सांगत होती. शब्द कळले नाहीत. बहुतेक, पुढे बघा, असं असावं.